खेळाडूंची स्वाक्षरीयुक्त आत्मचरित्रे

खेळाडूने स्वतः लिहिलेल्या किंवा सांगून लिहविलेल्या आत्मचरित्राची, त्याच्या सहीने अंकित झालेली प्रत मिळवून ती जतन करण्याचा छंद. नुसत्या स्वाक्षऱ्या गोळा करण्याच्या छंदाहून तो वेगळा आहे. वहीतील सही ही क्षणिक भेटीची खूण असते. आत्मचरित्रावरील सही ही त्या ग्रंथातील मजकुराला त्याच्या नायकाने दिलेली संमती ठरते. अमेरिकेत बेसबॉलमधील पिचर म्हणजे चेंडूफेक्या आणि क्रिकेट खेळणाऱ्या देशांत गोलंदाज यांच्या आत्मचरित्रांना संग्राहकांमध्ये विशेष मागणी आढळते. महाराष्ट्रात या छंदाची वाढ मर्यादित असली, तरी त्याच्या अनुषंगाने उपस्थित होणारे प्रश्न, विशेषतः कोणाचे आत्मचरित्र लिहिले गेले आणि कोणाचे नाही हा प्रश्न, येथील क्रीडेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

यूरोपात परिचितांच्या स्वाक्षऱ्या एका वहीत घेण्याची प्रथा सोळाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांमध्ये रूढ झाली. आपल्याकडे सहीपेक्षा शिक्क्याला मान होता. मराठी राजपत्रांत मजकूर चिटणीस किंवा कारकून लिही. आरंभी मुद्रा उमटे व शेवटी मोर्तब होई. अक्षर एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. विसाव्या शतकातील खेळाडूंच्या आत्मचरित्रांची रचना पाहता हीच व्यवस्था वेगळ्या वेषात परत आल्याचे दिसते. बहुतेक खेळाडूंची आत्मचरित्रे वृत्तपत्रीय लेखकांनी शब्दबद्ध केली आहेत. खेळाडूने सही केली, की ते पुस्तक त्याचे होते. त्यामुळे सही असलेली प्रत ही एक प्रकारे मोर्तब झालेली प्रत होय.

बेसबॉलमध्ये पिचर हा सामन्याचा कणा असतो. तो ६० फूट ६ इंच अंतरावरून, क्रिकेटप्रमाणे टप्पा न पाडता, चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो आणि त्याच्या प्रत्येक फेकीवर डावाचे भवितव्य अवलंबून राहते. त्याची मानसिक घालमेल वाचकाला जाणून घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा क्रिस्टी मॅथ्यूसन (१८८०–१९२५) याचे ‘पिचिंग इन अ पिंच’ हे पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन जॉन व्हीलर या पत्रकाराने केले होते. मॅथ्यूसनच्या खात्यावर ३७३ विजय आहेत. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याचा विषारी वायूशी संबंध आला व पुढे क्षयाने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. पुस्तकाची प्रसिद्धी आणि लेखकाचा मृत्यू यांत तेरा वर्षांचेच अंतर असल्याने त्याच्या सहीच्या प्रती मुळातच थोड्या आहेत. याउलट क्लीव्हलंड संघाचा बॉब फेलर (१९१८–२०१०) याचे ‘स्ट्राइकआउट स्टोरी’ १९४७ मध्ये निघाले आणि त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ तो मागेल त्याला सही देत राहिला. फेलरची सही नसलेलीच वस्तू दुर्मिळ, असा विनोद संग्राहकांत रूढ झाला. संग्रहमूल्य खेळाडूच्या थोरवीवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या आयुर्मर्यादेवर आणि उदारपणावरही असते.

सॅचेल पेज (१९०६–८२) याचे उदाहरण याहून निराळे आहे. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल संघांत १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. पेजची ऐन उमेदीची वर्षे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांतून आणि गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांतून खेळण्यात गेली. ९ जुलै १९४८ रोजी त्याने क्लीव्हलंडकडून प्रमुख स्पर्धेत पदार्पण केले, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता; फेलर तेव्हा त्याचा संघसहकारी होता. क्लीव्हलंडचा पत्रकार हॅल लेबोव्हिट्स याने त्याच वर्षी ‘पिचिन मॅन’ या नावाने पेजची कहाणी त्याच्याच तोंडून उतरवून घेतली. पुढे १९६२ मध्ये डेव्हिड लिपमनच्या साहाय्याने लिहिलेले ‘मेबी आय विल पिच फॉरेव्हर’ हे अधिक विस्तृत आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. ज्या काळातील सामन्यांची धावपत्रकेही धड राखली गेली नाहीत, त्या काळाचा साक्षीदार म्हणून पेजच्या पुस्तकाचे मोल कोणत्याही विक्रमाहून मोठे आहे.

जिम बाउटन (१९३९–२०१९) याने १९६९ च्या हंगामात ठेवलेली दैनंदिनी ‘बॉल फोर’ या नावाने १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. खेळाडूंचे मद्यपान, उत्तेजक गोळ्या, मालकांशी होणारी वेतनाची घासाघीस यांचे त्यात उघड वर्णन असल्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांनी बाउटनला बोलावून घेतले आणि पुस्तकातील मजकूर खरा नसल्याच्या निवेदनावर सही करण्यास सुचविले. बाउटनने ती केली नाही. इंग्लंडचा जलद गोलंदाज हॅरल्ड लारवुड (१९०४–९५) याच्यावरही तसाच प्रसंग आला होता. १९३२–३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील देहवेधी गोलंदाजीबद्दल क्षमापत्रावर सही करण्यास त्याने १९३४ मध्ये नकार दिला व तो पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. त्याची कैफियत १९३३ मधील ‘बॉडीलाइन?’ या पुस्तकात व नंतर १९६५ मधील ‘द लारवुड स्टोरी’ या ग्रंथात वाचावयास मिळते. एका कसोटीत १९ बळी घेणारा जिम लेकर याने १९६० मध्ये ‘ओव्हर टू मी’ लिहिले, तेव्हा एमसीसी आणि सरे या दोन्ही संस्थांनी त्याचे सन्माननीय सदस्यत्व काढून घेतले. पुढे काही वर्षांनी ते परत दिले. गोलंदाजांच्या आत्मचरित्रांत तक्रारीचा सूर फलंदाजांपेक्षा अधिक आढळतो, हे निरीक्षण अगदीच निराधार नाही. ते राबणाऱ्यांचे वाङ्‌मय आहे.

भारतात खेळाडूच्या सहीला सार्वजनिक महत्त्व आले ते क्रिकेटमुळे. एमसीसीचा संघ डग्लस जार्डिनच्या नेतृत्वाखाली १९३३–३४ मध्ये भारतात आला. विजय मर्चंट यांची भगिनी लक्ष्मी हिच्या वहीत त्या संघातील सोळा खेळाडूंच्या सह्या होत्या. तिने ती वही महात्मा गांधींपुढे धरली, तेव्हा त्यांनी पाने चाळून नेमके तेच पान निवडले आणि सतरावा खेळाडू म्हणून आपली सही केली. गांधीजी एरवी सहीसाठी पाच रुपये घेत व ती रक्कम हरिजन निधीला जाई. सहीचे मोल पैशात मोजण्याची ही भारतातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत निःस्वार्थी पद्धत म्हणावी लागेल.

महाराष्ट्रीय खेळाडूंच्या आत्मचरित्रांत फलंदाजांचा भरणा आहे. दि. ब. देवधर (१८९२–१९९३) यांचे ‘आय लुक बॅक’ (१९६६), अजित वाडेकरांचे ‘माय क्रिकेटिंग यिअर्स’ (१९७३), सुनील गावसकरांचे ‘सनी डेज’ (१९७६) आणि सचिन तेंडुलकरांचे ‘प्लेइंग इट माय वे’ (२०१४) ही त्यांपैकी ठळक होत. यांतील बहुतेकांचे मूळ लेखन इंग्रजीत झाले. गोलंदाजांपैकी एरापल्ली प्रसन्ना यांचे ‘वन मोअर ओव्हर’ (१९७७) आणि कपिल देव यांची पुस्तके महाराष्ट्रातही वाचली गेली. परंतु ते दोघेही महाराष्ट्राबाहेरचे. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि तरीही त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. अशा गोलंदाजाची कहाणी लोकांच्या स्मरणात आहे. पण स्मरण हे दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही.

या उणिवेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पाळवणकर बाळू (१८७६–१९५५). धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात आधी पारशी मंडळींच्या क्लबात व नंतर यूरोपीयांच्या पूना जिमखान्यावर अल्प पगारावर मैदानाची कामे करीत. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते सरावासाठी गोलंदाजी टाकीत. ग्रेगला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास बोलावले. मैदानावर ज्या चेंडूला सर्वांचे हात लागत तोच चेंडू बाळूंच्याही हाती असे. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या पात्रात चहा दिला जाई. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने यूरोपीय संघाला १०९ धावांनी हरविले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाच्या वतीने त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

बाळूंनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांची सही मात्र इतिहासात राहिली आहे आणि ती क्रिकेटच्या वहीत नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या पुणे करारावर ज्या नेत्यांनी सह्या केल्या, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मदनमोहन मालवीय, एम. सी. राजा आदींसमवेत पी. बाळू हे नाव आहे. पुढे १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. या दोन घटनांमागील त्यांची भूमिका त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाली असती, तर दलित चळवळीच्या इतिहासातील एक कठीण पान अधिक स्पष्ट झाले असते.

ती उणीव अंशतः भरून काढली ती विठ्ठल पाळवणकर यांनी. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये, म्हणजे सॅचेल पेजची कहाणी अमेरिकेत प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, प्रकाशित झाले. वर्णभेद आणि जातिभेद यांच्या दोन वेगळ्या व्यवस्थांतून वर आलेल्या खेळाडूंची ही दोन पुस्तके. पण त्यांच्या वाट्याला आलेले भवितव्य सारखे नव्हते. पेजच्या पुस्तकाची जागा अमेरिकन वाचकांच्या कपाटांत राहिली. विठ्ठलांचे पुस्तक अनेक दशके विस्मृतीत गेले. रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात त्याचा आधार घेतला, तेव्हा पाळवणकर बंधूंची हकिगत नव्याने चर्चेत आली. विठ्ठल हे स्वतः फलंदाज होते. तथापि आपल्या थोरल्या बंधूच्या गोलंदाजीचा आणि अपमानांचा घरातला साक्षीदार तो होता. अशा ग्रंथाची लेखकाच्या सहीची प्रत एखाद्या घरी वा वाचनालयात असेल, तर तिचे मोल लिलावातील बोलीने ठरविणे योग्य होणार नाही.

पेण व रोहा : रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) या लगतच्या तालुक्यांत क्रिकेटचे वेड मोठे आहे. टेनिसच्या चेंडूवर खेळल्या जाणाऱ्या गावोगावच्या स्पर्धांत नाव कमावलेला गोलंदाज पंचक्रोशीत ओळखला जातो. मात्र त्याची कीर्ती तोंडी राहते. स्वाक्षरी आणि आत्मचरित्र या दोन गोष्टींचा संबंध या परिसराशी जोडला जातो तो क्रीडाक्षेत्राबाहेरील दोन व्यक्तींमुळे, आणि तुलनेसाठी त्या दोघांचा विचार करणे उद्‌बोधक आहे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. त्यांचे घर रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर आली नाही. बँकेच्या १९३८ मधील पहिल्या नोटांवर जेम्स टेलर यांची सही होती. देशमुख १९४३ ते १९४९ या काळात बँकेचे गव्हर्नर झाले आणि त्या पदावरील पहिल्या भारतीयाची सही देशभर घरोघरी पोहोचली. फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. त्यामुळे पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या १९४८ मधील नोटांवरही देशमुखांचीच सही आढळते. रोह्याच्या एका गृहस्थाची सही दोन देशांच्या चलनावर असणे हा योगायोग नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पण ही सही छापील. तिच्या हजारो प्रती एकसारख्या असतात व संग्राहक त्यांचे वर्गीकरण मूल्य आणि मुद्रणमाला यांवरून करतात. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेल्या देशमुखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या व मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ती त्यांची सर्वांत वजनदार सही मानावी लागेल. त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकपृष्ठावर शाईने केलेली त्यांची सही आणि नोटेवरील छापील सही शेजारी ठेवून पाहणे हा सहीच्या अभ्यासाचा उत्तम वस्तुपाठ आहे : हाताची सही दर वेळी किंचित बदलते आणि त्या बदलातच तिचा खरेपणा असतो. रोहा येथील वाणिज्य महाविद्यालयास देशमुखांचे नाव दिलेले आहे.

विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. तरुणपणी शाळेची प्रमाणपत्रे चुलीत घालणारे आणि आपल्या कविता गंगेत सोडणारे विनोबा आत्मचरित्र लिहिण्याच्या वाटेस गेले नाहीत. त्यांच्या प्रवचनांत व संभाषणांत विखुरलेले आत्मकथन कालिंदी यांनी संकलित केले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद ‘मूव्हड बाय लव्ह’ या नावाने निघाला. येथे शब्द विनोबांचे आहेत आणि ग्रंथ दुसऱ्याने केलेला आहे. मोर्तब मात्र नाही. पेजच्या पहिल्या पुस्तकाची घडणही शब्दांकनाचीच होती, परंतु ते लेखकाच्या हयातीत निघाल्याने त्यावर सही मिळविणे शक्य झाले. कालिंदींचे संकलन विनोबांच्या पश्चात वाचकांपुढे आले.

सहीची पारख : नाव मोठे झाले की बनावट सह्या निघतात. अमेरिकेच्या तपास खात्याने १९९० नंतरच्या दशकात बनावट क्रीडा-स्वाक्षऱ्यांच्या व्यापाराविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा हाती आलेल्या मालात मदर टेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. पारखीचे काही नियम साधे आहेत. बॉलपेन अमेरिकेत १९४५ च्या अखेरीस विक्रीस आले व मऊ टोकाची शाईची पेने १९६० नंतर. तेव्हा मॅथ्यूसनच्या पुस्तकावर बॉलपेनची सही आढळल्यास ती खोटी समजावी. शाई कागदात किती मुरली आहे, अक्षराची गती सलग आहे की थांबतथांबत, पुस्तकाच्या आवृत्तीचे साल सही करणाऱ्याच्या निधनानंतरचे तर नाही ना, हे पाहावे. सही असलेले पान दुसऱ्या प्रतीतून काढून चिकटविल्याचीही उदाहरणे आहेत. काही प्रसिद्ध व्यक्ती यंत्राने किंवा सचिवाकरवी सह्या करीत. अशा सह्या फसवणुकीच्या नसल्या, तरी अस्सलही नव्हेत. मराठी पुस्तकांवर ‘सप्रेम भेट’ लिहून खाली नाव व तारीख घालण्याची रीत आहे. ज्याला भेट दिली त्याचे नाव असल्यास किंमत कमी होते, असे व्यापारी मानतात. इतिहासाच्या दृष्टीने नेमके उलट आहे. कोणी कोणाला, केव्हा पुस्तक दिले यावरून माणसांचे संबंध उलगडतात. वाचनालयाच्या शिक्क्याचीही तीच गोष्ट. पेणचे महात्मा गांधी वाचनालय किंवा रोह्याचे भाटे सार्वजनिक वाचनालय यांसारख्या संस्थांचा दाखल-क्रमांक पुस्तकावर असेल, तर ते केव्हा आले हे नोंदवहीवरून पडताळता येते. जुनी पुस्तके रद्दीत काढताना कोरी पाने तपासण्याची दक्षता घेतल्यास अशा प्रती वाचू शकतात.

जतनाचा प्रश्न कोकणात अधिक बिकट आहे. रायगड जिल्ह्यात वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.च्या आसपास असते आणि जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने कागदाला बुरशी धरते. टाकाच्या व झरणीच्या शाईची सही ओलीने पसरते. कसर आणि वाळवी हे शत्रू निराळेच. पोथ्यांच्या दप्तरात वेखंडाची पूड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नये, सहीच्या पानावर आम्लरहित कागद घालावा, चिकटपट्टी लावू नये आणि पावसाळ्यानंतर सावलीत हवा द्यावी. उन्हात ठेवल्यास निळी शाई फिकट होते.

संग्राहकांच्या सोयीसाठी मुंबईत दादर येथील मरीन स्पोर्ट्स या दुकानाने क्रिकेटविषयक पुस्तकांची विक्री व प्रकाशन केले. पुण्यात २०१२ मध्ये ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे क्रिकेट-संग्रहालय सुरू झाले. तेथे खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटी, चेंडू व पोशाख मोठ्या संख्येने मांडलेले आहेत.